अवकाश म्हणजे छुट्टी

पोत, लय आणि अवकाश हे तीन शब्द मी लहानपणी साफ चुकीचे शिकले. पुढं जन्मभर चित्रकला शिकवली, तेव्हा ही कबुली देताना मला थोडी लाज वाटायला हवी. वाटत नाही. पहिल्या दोन चुका नुसत्या हसण्यावारी गेल्या हे खरं, पण तिसरी चूक अशी काही कामाला आली की बरोबर अर्थ कळल्यावरही मी ती सोडली नाही.

आमचं घर बालाघाटचं. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा मी पाटी घेऊन नुकती शाळेत जायला लागले होते, आणि आम्ही रेघेच्या हिंदी बाजूला राहिलो. बाबा एका सरकारी कार्यालयात चपराशी होते, माय घरी बिड्या वळायची. घरात आमची विदर्भातली बोली, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी. छापलेली मराठी आमच्याकडे यायची ती नागपूरच्या मामाच्या पिशवीतून. मी चित्रं काढते हे बघून मामानं एकदा रद्दीतून एक पुस्तक आणलं. त्याला पुठ्ठा नव्हता आणि सुरुवातीची पानं उंदरांनी नेली होती, त्यामुळं ते कोणी लिहिलं हे मला आजतागायत ठाऊक नाही. चित्र कशाकशाचं बनतं आणि चांगलं कशानं होतं, एवढंच त्यात सांगितलं होतं. रेषा, आकार, रंग, पोत, तोल, लय, विरोध, अवकाश, अशी एकामागून एक प्रकरणं. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे मास्तर टेबलावर लोटा ठेवून बाहेर जायचे. त्यामुळं हे पुस्तक हाच माझा मास्तर झाला.

रेषा आणि रंग कळायला काही वेळ लागला नाही. तोलही कळला, कारण धानाच्या मंडीत काटे रोज दिसायचे. गाडी अडली ती पोताशी. चित्राला पोत हवा, असं पुस्तक म्हणत होतं. शाळेतल्या हिंदीत पोत म्हणजे जहाज आणि आमच्या घरात पोत म्हणजे मायच्या गळ्यातली काळ्या मण्यांची सर. जहाज मी जन्मात पाहिलं नव्हतं, वैनगंगेत चालायची ती लाकडी नावच. म्हणून मी मायची पोत निवडली. 'हवा' की 'हवी' याकडे काणाडोळा केला. त्या वर्षीच्या माझ्या प्रत्येक चित्रात काळे मणी आहेत. बाईच्या गळ्यात आहेत, गाईच्या गळ्यात आहेत. झाडाला गळा नसतो म्हणून बुंध्याला गुंडाळले आहेत.

मग आली लय. चित्रात लय पाहिजे, असं वाचलं आणि मी खूश झाले. आमच्याकडे लय म्हणजे पुष्कळ. लय ऊन, लय गर्दी, लय पोरं. यात अवघड काय? मी पान भरत सुटले. नदी काढली की तिच्यात मासे, माशांच्या वर नाव, नावेत माणसं, माणसांच्या डोक्यावर टोपल्या आणि टोपल्यांत वांगी. कुठं बोटभर कोपरा मोकळा दिसला की माझा हात शिवशिवायचा आणि तिथं एक मासा यायचा.

मायला ही चित्रं फार आवडायची. तिचं कामच तसं होतं. तेंदूच्या पानावर पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवून बिडीपुरतं पान कापायचं. हुशार हाताला एका पानातून दोन तुकडे निघतात, वेंधळ्या हाताला एकच. "कागुद असो का पान असो, वाया नाई गेलं पायजे," ती म्हणायची. मी मात्र तिच्या मांडीशी पडलेलं कातरण उचलायची. मधला चौकोन निघून गेला की उरलेल्या पानाला कधी बगळ्याची मान असायची, कधी नदीचं वळण. कापून घेतलेला तुकडा दर वेळी तोच, आणि मागं उरलेला दर वेळी नवा. हे मला दिसायचं, त्याची गंमतही वाटायची. पण ती गंमत माझ्या चित्रापर्यंत काही पोचत नव्हती.

ती पोचवली बाबांनी. मी नववीत असताना 'अवकाश' या प्रकरणाशी आले. अवकाश नसेल तर चित्र गुदमरतं, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. बाबा दारात सायकल पुसत होते.

"बाबा, अवकाश म्हनजे काय जी?"

बाबा हसले. हा शब्द त्यांच्याइतका बालाघाटात कुणाच्या हातून गेला नसेल. आकस्मिक अवकाश, अर्जित अवकाश, चिकित्सा अवकाश. बाबूंचे असे अर्ज साहेबाच्या टेबलावर नेणं आणि सहीनिशी परत आणणं हीच त्यांची नोकरी.

"छुट्टी," ते म्हणाले. "अवकाश म्हनजे छुट्टी. काहून?"

"पन चित्रात छुट्टी कशी असीन?"

बाबांनी फडकं हँडलवर टाकलं आणि जरा विचार केला. "हे पाह्य. हापिसात दोन परकारच्या खाली खुर्च्या रायतेत. एक म्हनजे रिक्त पद. तठी कोनीच नाई. त्या खुर्चीवर फाइली ठेव, छत्री ठेव, कोनी इचारत नाई. दुसरी म्हनजे छुट्टीवर गेलेल्या बाबूची खुर्ची. तेही खालीच दिसते. पन तिच्यावर कोनी बसून त दाखवा! थो नसला तरी ते त्याची हाय. सारं हापिस तिच्या बाजूनं वाट काढून जाते."

एवढं बोलून ते पुन्हा सायकलीला लागले. मी आत गेले, कालच काढलेली नदी बाहेर काढली आणि पांढऱ्या खडूनं एकेक मासा बुजवत सुटले. सगळ्यांना छुट्टी दिली. एकच ठेवला, तोही कडेला. आणि मग पाणी दिसायला लागलं. तोवर माझ्या एकाही नदीत पाणी नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी इतकी आनंदले की तो कागद घेऊन चुलीपाशी धावले. मायनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अर्धा कागुद वाया घातला वं पोरी."

त्यानंतर चारेक वर्षांनी आमच्या मोहल्ल्यात विहार उभा राहिला. दीक्षा घेतल्याला बरीच वर्षं झाली होती, पण बसायला आपली जागा नव्हती. कधी याच्या अंगणात, कधी त्याच्या. विहारासाठी घरोघरनं विटा आल्या, बायांनी डोक्यावर पाणी वाहिलं, गडीमाणसांनी कामावरनं आल्यावर भिंती चढवल्या. हे सगळं ज्यांच्या धाकात चाललं होतं त्यांना सारे मेट म्हणायचे. मॅंगनीजच्या खाणीत मजुरांच्या टोळीवर मेट म्हणून त्यांनी उमर काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते माणसांना टोळीसारखंच हाकायचे. मी त्यांना काकाजी म्हणायची आणि घाबरायची पण.

मूर्ती नागपूरहून यायची होती. ती जिथं बसणार त्या चबुतऱ्यामागची भिंत रंगवायची होती. गावातला पेंटर निवडणुकीच्या भिंतींत अडकला होता. तेव्हा बाबा बैठकीत उठून म्हणाले, "माही पोरगी करते." मेटनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि हो म्हटलं.

घरी आल्यावर बाबांनी मला दुसरी गोष्ट सांगितली. नागपूरला चित्रकला-शिक्षकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता, त्याचा फॉर्म माझ्या पेटीत दोन महिने पडून होता. माय म्हणत होती, ते राहू दे, लामता गावचं स्थळ चांगलं आहे, त्यांना होकार कळवू. बाबा म्हणाले, "भीत मंजूर झाली त तुहा फारम पुढं सरकवतो. नामंजूर झाली त मायचं आयकीन." सरकारी माणूस, घरातसुद्धा शेरा मारून मोकळा. मला रागही आला आणि हुरूपही आला. माझा राग आणि हुरूप बहुतेक जोडीनंच येतात.

मेटनी भिंतीपुढं उभं राहून मला यादी दिली. पिंपळ, दोन हत्ती, हरणांचा कळप, कमळांचं तळं, चक्र, पंचरंगी झेंडा आणि वरून सूर्याची किरणं.

"एक बित्ता जागा खाली नाई राह्यली पायजे, पोरी. लोकायच्या देवळाच्या भिती पाह्यल्या ना? कशा गच्च भरल्या रायतेत. आपलं काई कमी नाई दिसलं पायजे."

"हौ, काकाजी," मी म्हटलं. खोटं नाही बोलले. तेव्हा माझाही भरायचाच विचार होता.

पण मूर्ती पांढरी आहे आणि दोन हात उंच आहे, हे मला कळलेलं होतं. म्हणून मी चबुतऱ्यावर एकावर एक दोन मडकी ठेवली, त्यांना चुना फासला आणि मागं कोळशानं सगळी यादी काढली. मग दारात जाऊन पाहिलं. मडकी हत्तींच्या पायांत हरवली होती. भिंत चुन्याची पांढरी, मडकी पांढरी. जो काही उठाव दिसत होता तो हत्तींचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी मी ओलं फडकं घेऊन हत्ती पुसले, मग तळं पुसलं, मग झेंडा. प्रत्येक वेळी दारात जाऊन बघायची, आणि प्रत्येक वेळी मडकी एक पाऊल पुढं यायची. शेवटी झाड तेवढं उरलं, तेही मी उचलून उजव्या कडेला नेलं.

मग मात्र मी झपाटल्यासारखी कामाला लागले. दारावर पोतं टांगलं, कारण सल्ला द्यायला मोहल्ला तयारच होता. मधली सगळी जागा गेरू आणि पिवळी माती मिसळून एका रंगाची केली, थरावर थर दिले, कुठं फराटा दिसू दिला नाही. पांढऱ्याला पांढरं गिळतं. त्याला उन्हात वाळलेल्या मातीचा रंग मागं हवा. बुंध्यासाठी काळा हवा होता तो काजळीनं जमेना. मी मेटकडं खाणीतला दगड मागितला. ते म्हणाले, "कायले?" मी म्हटलं, "झाडाले." मायच्या पाट्यावर तो मॅंगनीजचा दगड कुटून, डिंकात कालवून मी बुंधा रंगवला. तसा काळा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

बुंध्यापासून एक फांदी वरच्या अंगानं डावीकडं सोडली. तिच्यावर पानं सुरुवातीला दाट, मग दोन-दोन, मग लांब लांब, मग एक, आणि त्यापुढं नुसती भिंत. पण उजवीकडं एवढं जड झाड, तर डावं अंग उलटून पडल्यासारखं वाटायचं. मंडीतल्या लांब दांडीच्या काट्यावर बोटभर वजन दूर सरकवलं की मोठं पोतं तोललं जातं, ते मला आठवलं. डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, मी एकच हरीण बसवलं, सशाएवढं. तोल झाला. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं "वा!" म्हटलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी दारावरचं पोतं काढलं. सगळा मोहल्ला आत आला. पहिली बोलली माझी मायच.

"अवं, अर्धी भीत वाया घातली."

मेट भिंतीजवळ गेले, मागं आले. "हे अर्धीच झाली का?"

"नाई काकाजी. पुरी झाली."

"पुरी? हत्ती कुठी हायेत? झेंडा? मधात खाली काहून सोडलं?"

आता इथं शहाण्या माणसानं मडक्यांची हकीकत सांगितली असती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते जागा खाली नाई, काकाजी. ते छुट्टीवर हाय."

जो हशा पिकला तो विचारू नका. "हत्ती छुट्टीवर गेले का वं?" मागून कुणीतरी म्हणालं. "आकस्मिक का चिकित्सा?" बाबांकडे बघून दुसऱ्यानं विचारलं. मी कानापर्यंत लाल झाले. मेट मात्र हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "आमी लय दिवस खाली हातानं बाहेर उभे राह्यलो, पोरी. आता सोताचं घर बांधलं, त त्याचीही भीत खालीच ठेवू का?"

हे मला लागलं. अजूनही आठवलं की लागतं. ते हौसेपोटी बोलत नव्हते. त्या भिंतीवरचा प्रत्येक हत्ती त्यांना कुणाला तरी दाखवायचा होता. आणि तरीही ते चूक होते आणि मी बरोबर होते, हे मला माझ्या हाताइतकं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी एकाला पेंटरकडं पिटाळलं. संध्याकाळपर्यंत मधली जागा भरून घ्यायची म्हणाले. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"पयले मले पोतारा, मंग भितीले."

एवढ्या माणसांत मेटना असं कुणी बोललं नव्हतं. मायनं तोंडाला पदर लावला. बाबा पुढं झाले आणि हापिसात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मेटजी, फैसला उद्यावर ठेवा. सकाळच्या गाडीनं मूर्ती येऊन राह्यली. बसवून पाहा. मंग भरायचं त भरा."

मेटनी भिंतीकडं एकदा पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पन पेंटर डब्बे घेऊन इथंच उभा रायीन."

सकाळच्या छोट्या लाइनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं मूर्ती आली, धानाच्या तणसात, वाळल्या पेंढ्यात गुंडाळून लाकडी पेटीत. स्टेशनवरून ती खांद्यावरून आणली, बाया पुढं गात होत्या. मी मागं, पेटीवर नजर ठेवून चालले होते. चबुतऱ्यावर मूर्ती ठेवली, तणसाच्या काड्या झटकल्या. मी दारापाशी उभी होते. मूर्ती भिंतीपासून सुटून पुढं आली होती, एकटी, शांत. फांदी तिच्यावरून जात होती आणि तिच्या डोक्यापाशी पोचता पोचता पानं संपत होती. मला तर हुंदका आला. पण मला आवडून काय उपयोग होता?

पेंटर डबे घेऊन आत आला. गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा, हिंदी बोलणारा, अबोल माणूस. त्यानं डबे खाली ठेवले, एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं.

"मेट साहब, इसमें मैं क्या भरूँ?" तो म्हणाला. "जो भरूँगा, मूर्ति के सिर पर चढ़ेगा."

"तुले भराले बोलावलं, इचाराले नाई."

"किसी और से भरवा लो. मैं नहीं भरूँगा."

मेटचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "तुमी दोघं रंगवाले एक झाले," ते म्हणाले. माझ्याकडं बघेनातच. लोक बसायला लागले, मीही बसले, आणि दुपारपर्यंत कुणाच्या तरी हातानं ती जागा भरली जाणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात सुईण माय आली. मोहल्ल्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. मेटचीसुद्धा नाळ आपणच कापली असं ती सांगायची आणि मेट ते नाकारत नसत. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ती काठी टेकत, भिंतीला हात लावत चालायची आणि माणसं आवाजावरून ओळखायची. तिला धरायला दोघी पुढं झाल्या. मूर्तीजवळ नेऊ, हातानं चाचपून पाहील, असं त्यांच्या मनात होतं.

सुईण माय उंबऱ्यातच थांबली. मान पुढं काढून बघत राहिली.

"तठी पांढरं पांढरं कोन बसलं हाय?"

दोघींनी तिचा हात धरला.

"थोच हाय ना? दिसला! मले दिसून राह्यला! हात नोका धरू मले!"

आणि ती निघाली. बसलेल्या माणसांमधून, भिंतीला हात न लावता, काठी उचलून, ती सरळ चबुतऱ्यापर्यंत चालत गेली. लोक गुडघे आवरून तिला वाट देत होते. चबुतऱ्यापुढं ती बसली, हात जोडले, आणि वळून मोठ्यानं म्हणाली, "काहीही म्हना, पोरायहो, मले कोनी दाखवलं नाई. माही मीच पाह्यला."

मेट उठले. सुईण माय जिथं उभी होती त्या उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले, इतके की मिटलेच होते म्हणा.

"डब्बे उचल," ते पेंटरला म्हणाले.

बस, एवढंच. पण येऊन बसले ते माझ्याशेजारी, भिंतीकडं तोंड करून. बाबांनी समोरून माझ्याकडं पाहिलं आणि हवेत सही केल्यासारखं बोट फिरवलं. मी रडले नाही. मी हसले, तोंडभर, कुणाचीही भीड न ठेवता. जन्मात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, नोकरी, घर, पोरंबाळं, पण त्या सकाळच्या हसण्याची चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही.

नागपूरला गेले तिथं पहिल्याच महिन्यात माझे तिन्ही शब्द दुरुस्त झाले. पोत म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा. लय म्हणजे पुष्कळ नव्हे, तर नजरेला मिळणारी चाल. मी वर्गात इतकी हसले की सरांनी बाहेर काढलं. अवकाश म्हणजे मोकळी जागा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मात्र मी हसले नाही. मला ते अपुरं वाटलं. मोकळी जागा तर रिक्त पदाचीही असते. पुढं बैहरला शिक्षिका झाले, आणि एका वर्षी मुलांची सहल घेऊन सांचीला गेले. तिथल्या दगडी तोरणावर एक झाड कोरलेलं आहे, झाडाखाली आसन आहे, भोवती हात जोडलेली माणसं आहेत आणि आसनावर कुणीच नाही. जुने कारागीर भगवंताची मूर्ती कोरत नसत, रिकाम्या आसनावरूनच तो तिथं आहे हे दाखवत, असं वाटाड्या सांगत होता. मी मुलांसमोर टाळी वाजवली. मुलांना वाटलं बाईंना ऊन लागलं.

इकडं विहाराच्या त्या भिंतीचे राखणदार झाले मेट. विहारात दान यायचं ते वस्तूंचं: घड्याळ, फ्रेम केलेली तसबीर, कॅलेंडर, प्लास्टिकच्या फुलांची माळ. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव, आणि प्रत्येकाला ते लावायचं असायचं बरोब्बर मूर्तीच्या डोक्यावर. खिळा-हातोडी घेऊन माणूस पुढं झाला की मेट बसल्या जागेवरून गरजायचे, आणि वस्तू बाजूच्या भिंतीवर जायची. एकदा कलेक्टर कचेरीतल्या मोठ्या बाबूनं दिलेली ट्यूबलाइटसुद्धा त्यांनी दारावर नेली. बाजूच्या दोन्ही भिंती दुकानासारख्या भरल्या.

मेट गेले तेव्हा मी बैहरहून बसनं आले. महिनाभरानं त्यांच्या मुलांनी विहारात त्यांच्या आठवणीचं एक भलंमोठं घड्याळ आणलं. काचेवर लाल अक्षरांत वडलांचं नाव. थोरल्यानं मूर्तीमागं स्टूल लावलं, वर चढला आणि मातीच्या रंगाच्या त्या जागेवर, ऐन मधोमध, खिळा टेकवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण काय बोलणार? बाप गेलेला पोरगा, हातात बापाचं नाव. मी तोंड उघडावं की नाही या विचारात होते.

"तठी नाई!"

माझी माय ओरडली. जिनं त्या भिंतीला अर्धी वाया घातली म्हटलं होतं, ती पदर खोचून उठून उभी होती. पाठोपाठ सगळा विहार ओरडला, बाया, गडी, शेंबडी पोरंसुद्धा, "तठी नाई! तठी नाई!"

थोरला स्टुलावर गांगरला. "काहून मावशी? खाली त हाय जागा. बाबाचंच घड्याळ हाय."

"तुह्या बाबानं उमरभर तठी काई टांगू नाई देल्लं," माय म्हणाली. "आता तू त्यालेच टांगतं का?"

क्षणभर कुणालाच कळेना की हसावं की रडावं. मग थोरलाच हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. तो खाली उतरला. दारावरच्या ट्यूबलाइटशेजारी थोडी जागा होती. मी स्टूल ओढलं, साडी खोचली आणि वर चढून खिळा मीच ठोकला.